आयफोननंतर काय काढलं, हे विचारण्याआधी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाने मला प्रश्न पाठवला. थोडक्यात असा: "ॲपलने २००७ मध्ये आयफोन आणला. त्यानंतर तसं जग हलवून टाकणारं काही आणलं नाही, तरी कंपनी वाढतेच आहे. आम्हाला मात्र शिकवतात की तंत्रज्ञानातल्या कंपनीने सतत क्रांतिकारी काही काढलं नाही तर ती संपते. यातलं खरं काय? आणि सर, मला एका जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या कंपनीची ऑफर आहे. घेऊ का?"

मी २७ वर्षं प्रॉडक्ट बनवतोय. सुरुवात भोसरीत वजनकाट्यांच्या सर्किटांपासून झाली, गेली १५ वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर करतोय. तेव्हा माझं उत्तर देखभालीच्या बाजूने थोडं कललेलं असणार, हे गृहीत धरूनच वाच.

आधी सरळ उत्तर. सतत क्रांती करावी लागत नाही, कारण ती कुणालाच करता येत नाही. ॲपललाही आली नाही. ज्याला आपण ॲपलची क्रांती म्हणतो तिचा मोठा भाग पहिल्या दिवशी डब्यात नव्हताच. तो पुढच्या दहा-बारा वर्षांत, फारसा गाजावाजा न होता भरला गेला. कंपनीला पैसा मिळाला तो या भरण्यातून.

१९९७ पासून सुरू करतो. त्या आर्थिक वर्षात ॲपलला एक अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. कंपनी बुडणार असं सगळे धरून चालले होते, आणि मायक्रोसॉफ्टने त्या ऑगस्टमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवले तेव्हा लोकांना ते दान वाटलं. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह जॉब्स, परत आले होते. त्यांनी पहिलं काम काय केलं? नवीन काही काढलं नाही. होतं ते बंद केलं. प्रिंटर, न्यूटन नावाचं हातात धरायचं यंत्र, मॅक या ॲपलच्या संगणकाची ढीगभर मॉडेलं सगळं कापलं आणि चार चौकटींचा तक्ता ठेवला: घरच्यांसाठी आणि व्यावसायिकांसाठी, टेबलावरचा आणि उचलून नेण्याचा. १९९८ मध्ये टिम कुक आले, जे पुढे कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी गोदामं बंद केली आणि महिनाभराचा पडून राहणारा साठा काही दिवसांवर आणला. संगणक हा भाजीसारखा माल आहे, पडून राहिला की भाव उतरतो, एवढी साधी गोष्ट. १९९८ च्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे ३१ कोटी डॉलर नफा झाला. तो गाजलेला रंगीत आयमॅक संगणक दुकानात आला ऑगस्ट १९९८ मध्ये, म्हणजे वर्ष संपायला दीड महिना असताना. त्याआधीच्या तीनही तिमाह्या नफ्यात गेल्या होत्या. ॲपल वाचली ती गोदामात वाचली, हे व्यवस्थापनाच्या वर्गात कुणी फार रंगवून सांगत नाही, कारण त्यात रंगवण्यासारखं काही नाही.

आता आयपॉड, ॲपलचं खिशात मावणारं, गाणी वाजवणारं यंत्र. ऑक्टोबर २००१, किंमत ३९९ डॉलर, आत ५ जीबीची तोशिबाची छोटी हार्ड डिस्क. एमपी३ वाजवणारी यंत्रं त्याआधी तीन वर्षांपासून बाजारात होती. पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षात आयपॉड चार लाखांच्याही आत विकले गेले. कुणी तेव्हा ताळेबंद मांडला असता तर "बरं चाललंय" एवढंच म्हटलं असतं. मग एप्रिल २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणं विकणारं दुकान आलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयट्यून्स, म्हणजे हे दुकान ज्यात होतं ते ॲपलचं सॉफ्टवेअर, विंडोजवर चालू लागलं. हा दुसरा निर्णय फार महत्त्वाचा. तोवर आयपॉडचा खरा सोबती मॅकच होता आणि मॅक असलेले लोक मूठभर. विंडोजवर गेल्यावर दरवाजा उघडला. २००८ च्या आर्थिक वर्षात सुमारे साडेपाच कोटी आयपॉड विकले गेले. २००१ आणि २००८ यांच्यामध्ये नवा शोध म्हणावा असं काय झालं? वितरण झालं, परवाने झाले, रेकॉर्ड कंपन्यांशी वाटाघाटी झाल्या, केबल बदलली, बॅटरी सुधारली.

आणि याच काळात एक गोष्ट झाली जी मला आयफोनपेक्षाही जास्त धाडसाची वाटते. आयपॉड मिनी हे त्यांचं सगळ्यात जास्त खपणारं मॉडेल होतं. सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनी ते बंद केलं आणि त्या जागी नॅनो आणला. चालतं दुकान स्वतःच्या हाताने बंद करून शेजारी दुसरं उघडायचं! मी ज्या बैठकांत बसलोय तिथे असा प्रस्ताव आला असता तर सेल्सच्या प्रमुखाने राजीनामा खिशातून काढला असता. दोन वर्षांनी आयफोन आला आणि त्याने हळूहळू सगळे आयपॉडच खाल्ले.

पहिला आयफोन आठव. २९ जून २००७ ला विक्री सुरू. त्यात थ्रीजी नव्हतं, ॲप स्टोअर नव्हतं, कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं. ते २००९ मध्ये आलं. दोन महिन्यांत किंमत २०० डॉलरने उतरवावी लागली. बोटांनी चालणाऱ्या पडद्याचं बरंचसं ज्ञान फिंगरवर्क्स नावाची छोटी कंपनी २००५ मध्ये विकत घेऊन आलं होतं. ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप्स होती. आपल्या डोक्यात २००७ चं ते भाषण बसलंय, पण जगाने जो आयफोन विकत घेतला तो चौथा, पाचवा, सहावा होता. २०१५ च्या आर्थिक वर्षात २३ कोटींहून जास्त आयफोन विकले गेले.

माझ्यासारख्या सर्किटवाल्या माणसाला यातला सगळ्यात गोड भाग चिपचा वाटतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. २००८ मध्ये ॲपलने पी. ए. सेमी नावाची चिप बनवणारी कंपनी सुमारे २८ कोटी डॉलरना घेतली. तेव्हा ती आतल्या पानावरची बातमी होती. २०१० मध्ये ए४ ही पहिली स्वतःच्या नावाची चिप आली. २०१३ मध्ये आयफोन ५एसमध्ये ६४ बिटची ए७ आली आणि बाकीचे फोनवाले चमकले. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ ही त्यांचीच चिप मॅकमध्ये बसली आणि तोवर मॅकला चिप पुरवणाऱ्या इंटेलला ॲपलने हळूहळू निरोप द्यायला सुरुवात केली. म्हणजे बारा वर्षं. मोडेमचं, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपचं, तर आणखी रटाळ आहे: २०१९ मध्ये इंटेलचा मोडेम विभाग एक अब्ज डॉलरना घेतला आणि स्वतःचा मोडेम असलेला पहिला फोन, आयफोन १६ई, आला फेब्रुवारी २०२५ मध्ये. मोडेमसाठी कुणी रांग लावत नाही. पण बाहेरून मोडेम पुरवणाऱ्या क्वालकॉमचं बिल कमी होतं, बॅटरी थोडी जास्त चालते, आणि पुढच्या दहा वर्षांचा रस्ता आपल्या हातात राहतो. हे सगळं "नवीन काही काढलं नाही" या खात्यात जमा होतं, आणि त्याच आर्थिक वर्षांत कंपनी संशोधन-विकासावर प्रचंड खर्च करत असते. २०२४ मध्ये तो आकडा ३१ अब्ज डॉलरच्या वर होता.

शोध ठरवून, वेळापत्रक लावून लागतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी न्यूटनची गोष्ट सांगतो. हातात धरायचं, लेखणीने लिहायचं ते यंत्र ॲपलने १९९३ मध्ये आणलं. अक्षर ओळखण्याच्या चुकांनी त्याची टिंगल झाली आणि १९९८ मध्ये ते गुंडाळलं. शोध म्हणून बघितलं तर काळाच्या पुढचा, धंदा म्हणून फसलेला. पण त्यासाठी कमी वीज खाणारी चिप हवी म्हणून ॲपलने १९९० मध्ये एकॉर्न आणि व्हीएलएसआय या कंपन्यांबरोबर एआरएम ही चिपची रचना करणारी कंपनी काढायला हातभार लावला होता. पुढे ॲपलने त्या कंपनीचे शेअर विकले आणि अडचणीच्या काळात तो पैसा उपयोगी पडला. आज प्रत्येक आयफोनच्या आत एआरएमचीच रचना आहे. आता सांग, न्यूटन यशस्वी की अयशस्वी? दर तिमाहीला उत्तर मागणाऱ्या माणसाला हे कधीच कळणार नाही.

याची उलटी बाजू म्हणजे नोकिया. आपल्याकडे २००३ नंतर ज्याच्या-त्याच्या खिशात नोकिया ११०० हा फोन होता. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला, कोणत्याही एका मॉडेलला क्वचितच लाभलेला आकडा. त्यात क्रांती काय होती? धूळ न शिरणारा कीपॅड, हातातून न निसटणारी पाठ, आणि टॉर्च. ज्यांनी त्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यात लोडशेडिंग काढलंय त्यांना टॉर्चची किंमत मी सांगायला नको. रात्री मोटर चालू करायला विहिरीवर जाणारा शेतकरी फोन कानाला कमी आणि पायवाटेवर जास्त धरायचा. कुणीतरी नोकियात बसून हे पाहिलं होतं. माझ्या मते तो फोन अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे, आणि त्यात नवीन असं काहीच नव्हतं.

मग नोकिया का पडली? शोध थांबले म्हणून, असं लोक म्हणतात. हिशेब तसा लागत नाही. २०१० मध्ये नोकियाचा संशोधनावरचा खर्च ॲपलच्या दुपटीहून अधिक होता. इंटरनेट टॅब्लेट त्यांनी २००५ मध्येच काढला होता. अडचण अशी की सिंबियन ही त्यांची प्रणाली आतून इतकी गुंतलेली होती की बाहेरच्या माणसाला तिच्यावर ॲप लिहिणं म्हणजे शिक्षाच. शेवटी २०११ मध्ये विंडोज फोनचा हात धरला आणि २०१४ मध्ये मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टला गेला. घरात नवे पाहुणे बोलवत राहायचं आणि मोरी तुंबलेली तशीच ठेवायची, असा तो प्रकार होता. (नोकिया संपली असं मात्र म्हणू नकोस. मोबाइल टॉवरवर लागणारी यंत्रसामग्री ती आजही विकते, आपल्या देशातही. फक्त ती खिशात दिसत नाही.)

कोडॅकचं उदाहरण तुला वर्गात दिलंच असेल, तेव्हा एवढंच सांगतो: डिजिटल कॅमेरा त्यांच्याच अभियंत्याने १९७५ मध्ये बनवला होता, आणि २००५ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त डिजिटल कॅमेरे कोडॅकचेच खपत होते. शोध होता, विक्रीही होती. फिल्मच्या रोलवर जो नफा मिळायचा तो कॅमेऱ्यावर मिळेना. २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

आता माझी स्वतःची फजिती. मी पहिल्या नोकरीत होतो ती कंपनी मार्केट यार्डातल्या आडतदारांना इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकायची. धंदा उत्तम होता. मालक एकदा परदेशातलं प्रदर्शन पाहून आले आणि म्हणाले, आपल्याला असं काहीतरी करायचंय की लोक बघत राहतील. मग आम्ही सहाजण दोन वर्षं एका भव्य यंत्रामागे लागलो: रंगीत पडदा, मोडेमवरून मुख्य कार्यालयात जाणारी वजनं, काय काय. मी त्याचं फर्मवेअर लिहीत होतो आणि मला वाटत होतं की मी इतिहास घडवतोय. त्याच वेळी सर्व्हिसवाल्या मुलांकडून एकच तक्रार येत होती. यार्डात उंदीर फार. ते काट्याखालच्या लोडसेलची, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरची, केबल कुरतडायचे. केबल बदलायची म्हणजे सील तुटणार, सील तुटलं की वैधमापनवाल्यांकडून पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन; तोवर काटा बंद आणि आडतदाराचा तोंडाचा पट्टा चालू. सर्व्हिसच्या मुलाने सुचवलं होतं की केबलवर स्टीलची जाळी चढवा. खर्च नगण्य. ते पत्र आमच्याच टेबलावर फाइलखाली पडून राहिलं, कारण ते "इनोव्हेशन" नव्हतं. गुजरातेतल्या एका छोट्या कारखानदाराने तशी जाळी लावलेला काटा आणला आणि दोन हंगामांत आमचे निम्मे यार्ड गेले. आमचं भव्य यंत्र तयार झालं तेव्हा ते विकायला ओळखीचे ग्राहकच उरले नव्हते. त्या पत्राची मला अजून लाज वाटते, कारण ते मी वाचलं होतं.

याच्या बरोबर उलट, तुला रोज दिसणारं उदाहरण म्हणजे टॅली. गोयंका पिता-पुत्रांनी १९८६ मध्ये बंगळुरात सुरू केलेली कंपनी. तालुक्याच्या ठिकाणी जा, एसटी स्टँडसमोर एमएस-सीआयटीच्या पाटीशेजारी टॅलीची पाटी असतेच. दुकानदार नोकरीला माणूस ठेवताना "अकाउंट्स येतं का" असं विचारत नाही, "टॅली येतं का" विचारतो. हे सॉफ्टवेअर पाहून कुणाचा श्वास रोखला गेलाय असं माझ्या ऐकिवात नाही. पण एप्रिल २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला, टॅली बदललं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, नियम आठवड्या-आठवड्याला बदलत होते, आणि टॅली त्यामागे धावत होतं. लाखो दुकानांच्या वह्या एका रात्रीत नव्या कायद्यात बसवणं हे काम किती अवघड असतं हे ज्याने जुना डेटा नव्या रचनेत हलवलाय त्यालाच कळेल. एक ओपनिंग बॅलन्स चुकला तर सीए रात्री अकराला फोन करतो. दुकानदाराला टॅली सोडवत नाही कारण त्याची तीस वर्षं त्यात आहेत. अशा जागेवर बसलेल्या कंपनीला क्रांतीची घाई का असावी?

तरी "शोधाची गरज नाही" असं मी म्हणतोय असा अर्थ काढू नकोस. काही धंद्यांत थांबलं की संपलं. चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीला दर दोन-तीन वर्षांनी नवी, अधिक बारीक प्रक्रिया उभी करावीच लागते. तिला यंत्रं पुरवणाऱ्या नेदरलँड्सच्या एएसएमएलच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सुटतात आणि प्रत्येकाला लेझर मारून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काढला जातो. हे वाचताना मला अजूनही अंगावर काटा येतो. पण गंमत बघ, तिथेही काम वर्षानुवर्षं एकाच दिशेने चालू असतं. दर वर्षी वेगळं काहीतरी काढा असं तिथे कुणी म्हणत नाही. तेच यंत्र आणखी थोडं बरं करा, एवढंच.

ॲपलबद्दल माझी खरी शंका वेगळी आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिची विक्री ३९१ अब्ज डॉलर, त्यातले निम्म्याहून जास्त अजून आयफोनचेच, आणि सुमारे ९६ अब्ज सेवांचे. या सेवांत ॲप स्टोअरचं कमिशन येतं. सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये शोधयंत्र म्हणून गूगल ठेवण्याबद्दल गूगलकडून येणारी रक्कमही येते. न्यायालयीन कागदपत्रांनुसार २०२२ मध्ये ती २० अब्ज डॉलर होती. हे पैसे काही नवं बनवून मिळालेले नाहीत, मोक्याच्या जागेवर बसल्याचं भाडं आहे. भाड्याचं उत्पन्न चांगलंच असतं, पण त्यावर न्यायालयाची आणि सरकारांची नजर असते, आणि मालकाचे हात मऊ पडतात ते वेगळंच. त्यांनी नवं करून पाहिलं नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरचा, डोळ्यांवर चढवायचा व्हिजन प्रो विकायला आला आणि त्याच महिन्यात त्यांनी दहा वर्षं चाललेलं मोटारीचं काम थांबवल्याच्या बातम्या आल्या. मोटार बंद केली याचं मला कौतुक वाटलं. व्हिजन प्रोबद्दल आत्ताच बोलणं म्हणजे आयपॉडचं २००२ मध्ये भविष्य सांगणं.

आता तुझ्या ऑफरबद्दल. जुनं सॉफ्टवेअर म्हणून नाक मुरडू नकोस, आणि सुरक्षित आहे म्हणून उडीही मारू नकोस. मुलाखतीत त्यांना विचार की मागच्या रिलीजमध्ये ग्राहकांच्या तक्रारींपैकी काय-काय दुरुस्त झालं. विचार की सपोर्टला येणारे फोन प्रोग्रामर कधी स्वतः ऐकतात का. त्यांचं सगळ्यात जास्त खपणारं मॉड्यूल शेवटचं कधी पुन्हा लिहिलं, आणि लिहायला परवानगी कुणी दिली, हेही विचार. पहिल्या दोन प्रश्नांना नावानिशी, तारखेनिशी उत्तरं आली तर पगार थोडा कमी असला तरी जा. दोन-तीन वर्षांत जे शिकशील ते चकचकीत ठिकाणी दहा वर्षांत शिकणार नाहीस. तिसऱ्या प्रश्नाला "त्याला कुणी हात लावत नाही" असं उत्तर आलं, तर पॅकेज कितीही असो, मला एकदा फोन कर आणि मग सही कर.